जाळ्याचे शिसे

तलावाच्या काठावरून जाळे फेकणारा माणूस तुम्ही पाहिलाच असेल. जाळे हवेत गोल उघडते, पाण्यावर पडते आणि झपकन तळाला जाते. मासोळीला पळायला सवडच मिळत नाही. ही करामत हाताची आहे, यात शंका नाही. पण निम्मी करामत जाळ्याच्या काठाला ओवलेल्या शिशाच्या गोळ्यांची आहे.

शिसेच का वापरतात? हिशेब करून बघा. एका पेल्यात पाव किलो पाणी मावते. त्याच पेल्यात लोखंड भरले तर ते जवळजवळ दोन किलो भरेल. शिसे भरले तर पावणेतीन किलोहून जास्त! म्हणजे गोळी लहान, पण वजन भारी. शिवाय शिसे मऊ असते. ते लोखंडासारखे गंजत नाही. गोळीने जाळ्याचा धागा कापला जात नाही.

पण जाळे जुने झाले की गोळ्या गळतात. काही दगडाखाली अडकून राहतात. मग नवे शिसे आणायचे कुठून?

याच कामासाठी एक ढीवर भाऊ माझ्या ओट्यावर आले. हातात पिशवी होती. पिशवीत जुनी बॅटरी होती.

“गुरुजी, यात शिसंच असते ना? फोडतो अन् चुलीवर वितळवतो. फुकटात काम होते.”

मी म्हटले, “भाऊ, ती पिशवी आधी अंगणात ठेवा. पोरांना लांब करा. मग बसा, एक हकीकत सांगतो.”

ती हकीकत तुम्हालाही सांगतो. आफ्रिका खंडाच्या पश्चिम टोकाला सेनेगल नावाचा देश आहे. डाकार ही त्याची राजधानी. डाकारच्या कडेला, समुद्रकाठी, थियारॉय सूर मेर नावाची कोळ्यांची वस्ती आहे. तिथले लोहार मोटारीच्या जुन्या बॅटऱ्या फोडत. त्यातले शिसे वितळवून जाळ्यांना वजने ओतून देत. अगदी आपल्या भाऊंच्या मनात होते तेच काम! वर्षानुवर्षे असे चालले. बॅटरीतला चुरा तिथल्या मातीत मिसळत गेला. पुढे शिशाचा भाव चढला. तेव्हा लोक ती माती चाळून शिशाचे कण वेचू लागले. बायका-मुलेही त्या कामात होती. नोव्हेंबर 2007 ते मार्च 2008 या पाच महिन्यांत तिथली 18 लहान मुले दगावली. जागतिक आरोग्य संघटनेची माणसे आली. त्यांनी दगावलेल्या मुलांच्या भावंडांचे आणि आयांचे रक्त तपासले. रक्तात शिसे फार निघाले.

भाऊ गप्प बसले. मग म्हणाले, “पण आम्ही तर लहानपणापासून शिसं हाताळतो. आम्हाला काही झालं नाही.”

प्रश्न बरोबर आहे. शिशाचा गोळा हातात घेतल्याने माणूस मरत नाही. शिसे कातडीतून फारसे आत जात नाही. ते तोंडातून आणि श्वासातून आत जाते. गोळी दातांनी दाबली, हात न धुता भाकर खाल्ली, धूर नाकात गेला, धूळ पोटात गेली, की ते आत शिरते. बॅटरीतले शिसे सगळे घट्ट नसते. बरेचसे पिठासारखे असते. त्यात तेजाबही असते. फोडले की ते पीठ अंगणभर उडते. तिथेच पोर रांगते. हात तोंडात घालते. जेवढे शिसे पोटात जाईल, त्यातले मोठ्या माणसापेक्षा चार-पाच पट शिसे लहान मुलाचे अंग शोषून घेते. पोटुशी बाई असेल तर ते पोटातल्या बाळापर्यंत पोचते.

शिसे हाडात साठून राहते. पोट दुखते, शौचास साफ होत नाही, रक्त कमी होते. लेकरू अभ्यासात मागे पडते. मी जन्मभर शाळा केली. पाढे विसरणाऱ्या पोरांना ‘मठ्ठ’ म्हणालो आहे. त्यांच्या घरी काय वितळत होते, हे मी कधी विचारले नाही. किती शिसे चालेल, असे विचाराल, तर कितीही थोडे शिसे बिनधोक आहे असे डॉक्टर सांगत नाहीत.

तेव्हा बॅटरी फोडायची नाही. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यावी. नवी घेताना तेवढे पैसे कमी होतात. जुन्या बॅटऱ्या गोळा करून परवान्याच्या कारखान्यात पोचवाव्यात, असा सरकारचा नियम आहे. 2022 साली तो नव्याने केला आहे.

मग शिसे कुठले घ्यावे? पहिली खाण म्हणजे तुमचेच फाटके जाळे. त्याच्या गोळ्या सोडवून डब्यात जपून ठेवा. दुसरी जागा टायरवाल्याची. मोटारीच्या चाकाचा तोल साधायला रिमच्या काठाला छोटे तुकडे लावतात. निघालेले तुकडे तो देतो. पण त्यात आता जस्ताचे आणि लोखंडाचेही असतात. ओळख सोपी आहे. शिशावर नखाचा ओरखडा उमटतो. चाकूने कापले की आत निळसर चकाकी दिसते. कागदावर ओढले की करडी रेघ उठते. (शिसपेन्सिलीत मात्र शिसे नसते बरं! ते नाव चुकीने पडले आहे.) तिसरा कबाडी. त्याच्याकडे कधी जुन्या टेलिफोनच्या तारांवरचे शिशाचे वेष्टन मिळते. माल कुठला, हे विचारूनच घ्या. जमिनीतली तार उकरू नका, ती चोरी होईल. कधी छापखान्याचे जुने खिळेही मिळतात. एकेक खिळा म्हणजे एकेक अक्षर. तुम्ही आता वाचायला शिकलात, ती अक्षरे एके काळी शिशाचीच ओतलेली असत! पण त्यात दुसरे धातू मिसळलेले असतात. खिळा वाकवला तर तुटतो.

आता खरी युक्ती. शिसे वितळवण्याची बहुतेक वेळा गरजच नसते. ते थंडपणीच वळते. वेष्टनाची पट्टी घ्या, कात्रीने बोटभर तुकडे कापा, दोरीभोवती गुंडाळा आणि हातोडीने हलके ठोका. झाली गोळी. धूर नाही, भट्टी नाही. काम झाले की साबणाने हात धुवा, कपडे वेगळे धुवा. कातरण फुंकू नका, झाडू नका. ओल्या फडक्याने टिपून घ्या.

वितळवायचेच असेल तर उघड्यावर, घरापासून लांब, वारा पाठीशी घेऊन. मुले आणि पोटुश्या बाया तिथे नकोत. भांडे लोखंडी हवे, आणि ते पुन्हा कधी स्वयंपाकाला नको. शिसे 327 अंशांवर वितळते. वितळले की जाळ कमी करा. भांडे लाल झाले तर विषारी धूर फार सुटतो. टायरवाल्याच्या तुकड्यांची लोखंडी पकड वर तरंगते. ती पळीने काढावी. काळी साय वर येते, तीही विषच. ती डब्यात बंद करावी, उकिरड्यावर टाकू नये.

आणि पाणी! माझ्या लहानपणी शेजारचे काका साच्यात शिसे ओतत होते. साचा मातीचा, आतून ओला. शिसे पडताच फट्‌ झाले आणि थेंब उडाले. मी दोन हातांवर उभा होतो. काकांच्या डाव्या भुवईवरचा डाग शेवटपर्यंत गेला नाही. थोडक्यात डोळा वाचला. पाण्याची एकदम वाफ होते आणि ती शिशाला उडवते. म्हणून साचा, पळी, तुकडे, सगळे कोरडे ठणठणीत हवे.

तलावाचेही बघा. विलायतेत हंस गळाच्या शिशाचे बारीक दाणे खडे समजून गिळत आणि मरत. म्हणून तिथे 1987 साली अशा लहान दाण्यांची विक्री बंद केली. आपल्या गोंदियाच्या तलावांवर, बोड्यांवर सारस येतात. सुटलेली गोळी पाण्यात सोडू नये, एवढे तर आपल्या हाती आहे.

भाऊंनी शेवटी विचारले, “गुरुजी, मातीचे मणी चालतील का?” उभ्या लावायच्या जाळ्याला चालतील. कुंभाराकडून भोकाचे मणी भाजून घ्यावे. भाजलेली माती पाण्यात जवळजवळ निम्मे वजन हरवते. शिसे अकरावा हिस्साही हरवत नाही. म्हणून मणी मोठे लागतात आणि जास्त लागतात. फेकायच्या जाळ्याला मात्र ते जमत नाहीत, जाळे सावकाश बुडते. तिथे काही जण लोखंडी कड्या किंवा बारीक साखळी लावतात. ती गंजते, दर हंगामाला तेल लावावे लागते.

भाऊ बॅटरी घेऊन गोंदियाला गेले. दुकानदाराने ती तोलून घेतली. त्या पैशांत साखळी आली, आणि थोडे पैसे उरलेही.