पवनऊर्जा: पदवी जुन्याच शाखेची घ्यावी

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातून मिळू शकणारी वीज आठपट होते. पवनचक्कीची जागा आणि मनोऱ्याची उंची मुख्यतः या नियमावर ठरते. साताऱ्याजवळचे वनकुसवड्याचे पठार किंवा धुळे जिल्ह्यातले ब्राह्मणवेल पवनचक्क्यांनी भरले, ते याच हिशेबामुळे.

या क्षेत्रात अनेक शाखांचे लोक लागतात. काचतंतू आणि इपॉक्सीची पाती, गिअरबॉक्स आणि बेअरिंग हे मेकॅनिकलचे काम. जनित्र, रोहित्र आणि ग्रिडची जोडणी इलेक्ट्रिकलकडे, तर पाया आणि डोंगरावर पाती चढवून नेणारा रस्ता सिव्हिलकडे. वाऱ्याचा अंदाज बांधायला हवामान आणि संख्याशास्त्र जाणणारे असतात. कॉम्प्युटरवाल्यांनाही जागा आहे, पण ती या सगळ्यांच्या मागून येते.

प्रवेशाच्या हंगामात पालकांची धावपळ नेमकी उलटी असते. कॉम्प्युटर मिळेना म्हणून ‘रिन्यूएबल एनर्जी’ असे नाव असलेली बी.टेक. शोधली जाते, प्रसंगी मॅनेजमेंट कोट्यातून. हा सौदा बहुधा तोट्याचा. बारावीनंतर लगेच इतकी अरुंद पदवी घेतली, की क्षेत्र मंदावल्यावर दुसरे दार उरत नाही. मंदी ही कल्पना नव्हे. २०१७ मध्ये वीजखरेदीचे ठरावीक दर जाऊन लिलाव आले. २०१६-१७ मध्ये देशात सुमारे साडेपाच हजार मेगावॉट क्षमतेच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या. पुढच्याच वर्षी तो आकडा दोन हजारांच्या खाली घसरला. तेव्हा इलेक्ट्रिकलचा पदवीधर वितरण कंपनीत किंवा कारखान्यात जाऊ शकत होता. विशेष पदवीवाल्याला ही वाट तितकी मोकळी नसते. विशेष शिक्षण एम.टेक.ला घ्यावे; डेन्मार्कचे डीटीयू आणि नेदरलँड्समधले डेल्फ्ट या विद्यापीठांचे या विषयातले अभ्यासक्रम नावाजलेले आहेत.

सर्वांत दुर्लक्षित वाट देखभालीची आहे. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा फिटर, नाहीतर डिप्लोमाधारक, मनोऱ्याच्या आतल्या शिडीने हार्नेस लावून ऐंशी-शंभर मीटर चढतो. पात्यांचे चक्र कुलूपबंद केल्यावर बोल्टचा ताण तपासतो, गिअरबॉक्सच्या तेलाचा नमुना घेतो, सेन्सर बदलतो. सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यात वारा जोरात वाहतो, म्हणून मोठी दुरुस्ती त्याआधी उरकावी लागते. ‘मुलगा खांबावर चढणार का?’ हा पालकांचा ठरलेला प्रश्न. उत्तर सरळ आहे: हो, चढणार, आणि हे काम जबाबदारीचे, कौशल्याचे आहे. उंचीची भीती मात्र चढल्याशिवाय कळत नाही, म्हणून फी भरण्याआधी एखाद्या प्रकल्पावर जाऊन यावे. मुलाला चढायचे नसेल तर त्याला ढकलू नये. चढायचे असेल तर शेजारी काय म्हणतील यासाठी अडवू नये. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे ‘वायुमित्र’ प्रशिक्षण देखभालीच्या याच कामासाठी आहे.

समुद्रातली अभियांत्रिकी वेगळी आहे. पहिला सागरी प्रकल्प १९९१ मध्ये डेन्मार्कमधल्या विंडेबी येथे ११ पवनचक्क्यांचा उभा राहिला. उथळ पाण्यात तळात एकच जाड पोलादी नळी ठोकतात. खोल पाण्यात तरंगता पाया लागतो. असा पहिला व्यावसायिक प्रकल्प २०१७ मध्ये स्कॉटलंडजवळ सुरू झाला. इथे समुद्रतळाची माती, खारे पाणी, गंज आणि लाटांचा मारा यांचा विचार करावा लागतो, त्यामुळे भूतांत्रिकी जाणणाऱ्या सिव्हिल अभियंत्याचे मोल वाढते. भारताने सागरी धोरण २०१५ मध्ये आखले. २०२४ मध्ये गुजरात आणि तमिळनाडूसाठी प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या प्रकल्पांना साहाय्य देणारी ७,४५३ कोटींची योजना मंजूर झाली. पण कागदावरच्या मेगावॉटवर आज कोणाची नोकरी उभी राहत नाही. समुद्राच्या ओढीने निघालेल्या विद्यार्थ्याने पहिली काही वर्षे जमिनीवरच्या प्रकल्पात काढावीत आणि परदेशाची तयारी ठेवावी. तिथे उंचीवरचे काम, प्रथमोपचार, आग आणि समुद्रात तग धरणे यांचे जीडब्ल्यूओ (ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन) प्रमाणपत्र बहुतेक कंपन्या मागतात. त्यातले बहुतेक भाग दर दोन वर्षांनी पुन्हा करावे लागतात.