टॉडमॉर्डन : एक गिरणगांव व त्याचीं माणसें

मोठीं माणसें मोठ्या शहरांतच निपजतात, असा पुष्कळांचा समज असतो. तो किती फोल आहे हें इंग्लंडांतील टॉडमॉर्डन ह्या लहानशा गांवाच्या इतिहासावरून आम्हांस दिसून येतें.

पेनाइन डोंगरांमधील एका अरुंद खोऱ्यांत काल्डर नदीच्या कांठीं हें गांव वसलें आहे. आधीं ओढ्यांच्या पाण्यावर व पुढें वाफेच्या बळावर येथें कापसाच्या गिरण्या चालल्या. यॉर्कशायर व लँकेशायर ह्या परगण्यांची सीमा पूर्वी गांवाच्या मधून जात असे. १८७५ सालीं उघडलेला टाउन हॉल तर त्या सीमेवरच बांधलेला होता.

तो हॉल फील्डन घराण्यानें बांधविला. ह्या घराण्यांतील जॉन फील्डन (१७८४-१८४९) हे वयाच्या सुमारें दहाव्या वर्षीं वडिलांच्या गिरणींत कामास लागले. पुढें ते स्वतः मोठे गिरणीमालक झाले. परंतु बाळपणींचा तो शीण विसरले नाहींत. पार्लमेंटांत त्यांनीं मजुरांचा पक्ष नेटानें चालविला, आणि १८४७ सालीं दहा तासांचा कायदा मंजूर झाला. कापडगिरण्यांतील स्त्रिया व तेरा ते अठरा वर्षांचीं मुलें ह्यांच्याकडून तोंवर दिवसाचे बारा तास काम घेतां येत असे, तें ह्या कायद्यानें दहा तासांवर आणलें. त्याच वर्षीं फील्डन निवडणुकींत पराभूत झाले. कार्य मात्र सिद्धीस गेलें होतें.

कालांतरानें गांवांत माध्यमिक शाळा निघाली. ह्या शाळेचे दोन विद्यार्थी नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. जॉन कॉकक्रॉफ्ट (जन्म १८९७) हे गिरणीमालकाचे पुत्र. त्यांनीं व अर्नेस्ट वॉल्टन ह्यांनीं १९३२ सालीं केंब्रिज येथें वेगवान कणांच्या माऱ्यानें लिथियमचा अणुगर्भ फोडला, व १९५१ सालीं दोघांस पदार्थविज्ञानाचें पारितोषिक मिळालें. जेफ्री विल्किन्सन (जन्म १९२१) हे घरें रंगविणाऱ्या कारागिराचे पुत्र. त्यांच्या मातोश्री लहान वयांतच गिरणींत कामास गेल्या होत्या; पुत्र मात्र शिष्यवृत्ति मिळवून ह्या शाळेंत गेले, आणि १९७३ सालीं रसायनशास्त्राच्या पारितोषिकाचे वांटेकरी झाले. ह्या दोघांसही पदार्थविज्ञान शिकविणारे गुरुजी एकच होते. त्यांचें नांव ल्यूक सटक्लिफ.

विद्यार्थिमित्रहो, ज्या गांवीं दहा वर्षांचें मूल गिरणींत उभें राहत असे, त्याच गांवीं पुढें मजुरी करणाऱ्या आईचें मूल शाळेच्या बाकावर बसलें. मुलाच्या हातून काम काढून घेऊन त्या हातीं पुस्तक देणें, हेंच कोणत्याही गांवाचें खरें वैभव, असें आम्हांस वाटतें. पालकांनींही ह्याचा विचार करावा.