कल्याण शेडचं इंजिन, १:८७

हॉस्टेलमध्ये माझ्या रूमवर पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण कॉटखाली वाकतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो, "अरे, हे खेळणं कुणाचं?" सहा फूट बाय चार फुटांचं प्लायवूड, मधोमध कापून बिजागरीने जोडलेलं, त्यावर रुळांचा एक अंडाकृती फेरा. रूम-पार्टनर घरी गेला की ते जमिनीवर उघडता येतं. त्यावर धावणाऱ्या इंजिनाच्या बाजूला बारीक अक्षरांत 'कल्याण' लिहिलेलं आहे. ते इंजिन अमेरिकेतल्या एका मॉडेलपासून कल्याणच्या शेडचं कसं झालं, त्याची ही हकिगत. मेकॅनिकलच्या मंडळींना यात सेकंड इयरचे बरेच विषय भेटतील, बाकीच्यांनी आकडे ओलांडून पुढे जावं.

आधी मूळ इंजिनाबद्दल. डब्ल्यूडीएम-२ म्हणजे ब्रॉडगेज, डिझेल, मिक्स्ड (मालगाडी आणि पॅसेंजर दोन्हींसाठी), दुसरा प्रकार. अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डिझाइन, १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. पहिली इंजिनं १९६२ मध्ये तिकडून आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. अडीच हजारांहून जास्त बनली. आपल्या कल्याणच्या डिझेल शेडमध्ये ही इंजिनं आणि त्यांचीच ३१०० अश्वशक्तीची सुधारित भावंडं, डब्ल्यूडीएम-३ए, वर्षानुवर्षं होती. डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर फास्ट लोकलची वाट बघताना काळा धूर सोडत, जमीन हलवत गाडी घेऊन जाणारं इंजिन ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं. जुनी अल्को इंजिनं एकामागून एक भंगारात गेली. मला माझं मॉडेल हवं होतं ते यासाठी. बाजारात कुठल्याही देशाचं इंजिन मिळेल, पण आमच्या घराच्या खिडकीतून ज्याचा आवाज यायचा ते मिळणार नव्हतं.

संग्रह करणाऱ्यांना एक सल्ला देतो, माझ्या खिशाला बसलेल्या चटक्यातून. दिसेल ते घेऊ नका. मी सुरुवातीला तेच केलं. एक जर्मन, एक ब्रिटिश, एक चिनी, तिन्ही वेगवेगळ्या मापांची, एकमेकांशेजारी उभी केली की लग्नातल्या ग्रुप फोटोसारखी. शेवटी ती विकली आणि ठरवलं की एकच शेड, एकच माप. जमलं तर पैसे घालवण्याआधी पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या. १९९८ मध्ये सुरू झालं. छोट्या गाड्या शिस्तीत चालवायच्या म्हणजे काय, ते तिथे कळतं.

आता मूळ घोळ. जगात सगळ्यात जास्त चालणारं माप एचओ, म्हणजे १:८७. त्याचे रूळ १६.५ मि.मी. अंतराचे. १६.५ गुणिले ८७ करा, उत्तर येतं १४३५ मि.मी. हा झाला स्टँडर्ड गेज, युरोप-अमेरिकेचा आणि आपल्या मुंबई मेट्रोचा. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मि.मी. त्याला ८७ ने भागलं तर रुळांत १९.२६ मि.मी. अंतर हवं. म्हणजे बाजारातल्या रुळांवर उभं केलेलं आपलं डिझेल इंजिन खरं तर मेट्रोच्या रुळांवर उभं असतं, गेज १४ टक्के अरुंद.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, १९.२६ चे रूळ स्वतः बनवा, सगळे ॲक्सल रुंद करा. सर्वात प्रामाणिक, आणि हॉस्टेलमध्ये चार वर्षांत न होणारा. दुसरा, रूळ तेच ठेवा आणि इंजिनच लहान करा: १६७६ भागिले १६.५ म्हणजे १:१०१.६. गेज तंतोतंत, पण मग शेजारचा विकतचा डबा, सिग्नल, माणूस, काहीच मापात बसत नाही. तिसरा, चूक मान्य करा आणि ती दिसणार नाही अशा जागी ठेवा. मी तिसरा घेतला. बाजूने बघितलं तर बोगीच्या फ्रेममागे चाकं झाकली जातात, गेज दिसत नाही. समोरून दिसतं. म्हणून माझं इंजिन शोकेसमध्ये कायम आडवं उभं असतं!

(बोगी म्हणजे डबा नव्हे, बरं का. पेपरवाले "तीन बोगी घसरल्या" लिहितात ते वेगळं. इथे बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा. डब्ल्यूडीएम-२ ला असे दोन, प्रत्येकात तीन ॲक्सल, आणि तिन्हींमधलं अंतर सारखं नाही, कारण ट्रॅक्शन मोटारींना जागा करून द्यायची होती. हे असमान अंतर हीच या इंजिनाची ओळख. म्हणून चॅसी घेताना अशीच बोगी असलेलं अमेरिकन अल्कोचं सहा ॲक्सलचं मॉडेल शोधा. वरची बॉडी कापता येते, बोगी नाही.)

तसं एक जुनं मॉडेल मला एका विक्रेत्याकडून साडेचार हजारांत मिळालं, "रनिंग कंडिशन" म्हणून. घरी आणून चालवलं तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टक्, टक्, टक्. बोगीचं खालचं झाकण काढून ॲक्सल बाहेर घेतले आणि भिंगातून पाहिलं. सहापैकी चार गिअरना दोन दातांच्या खाचेत केसाएवढी चीर. प्लास्टिकचा गिअर स्टीलच्या ॲक्सलवर दाबून बसवलेला असतो. म्हणजे तो जन्मापासून ताणाखाली. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आपण हूप स्ट्रेस शिकतो तो हाच. गाडी पेटीत बंद असली तरी ताण चालूच, आणि वीस वर्षांनी सगळ्यात पातळ जागी, दाताच्या मुळाशी, गिअर फाटतो. मी आधी फेव्हिक्विक लावलं. दोन दिवस टिकलं. मग नवे गिअर मागवले, त्यांचं भोक रीमरने अगदी किंचित मोठं केलं म्हणजे दाब कमी, आणि पकड राहण्यासाठी लॉकटाइटचा एक थेंब. चाकं परत बसवताना दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्निअरने तपासा, १४.४ मि.मी. च्या आसपास हवं. यात अर्धा मि.मी. चुकलात तर सांध्यावर गाडी रोज पडेल आणि तुम्ही रुळांना शिव्या द्याल.

गिअर झाले की वीज. साध्या पद्धतीत रुळांत ० ते १२ व्होल्ट डीसी सोडतात, व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो. डीसीसी पद्धतीत रुळांत कायम पूर्ण व्होल्टेज, पण दिशा सतत उलटसुलट होणारं, आणि त्या उलटण्याच्या लयीतच हुकूम लपलेला. इंजिनातला डीकोडर तो वाचून मोटार चालवतो. आपल्या मुख्य लाइनीवर पूर्वी १५०० व्होल्ट डीसी होतं, ते २०१५ मध्ये पूर्णपणे २५ हजार व्होल्ट एसीवर गेलं. माझ्या प्लायवूडवरही तसंच स्थित्यंतर झालं म्हणायचं! जुन्या इंजिनात मोटारीचा एक ब्रश थेट धातूच्या चॅसीला जोडलेला असतो. तो आधी सुटा करा, मल्टिमीटरने खात्री करा, मगच डीकोडर जोडा. नाहीतर पहिल्याच सेकंदाला धूर येईल, आणि तो अल्कोचा नसेल. मोटार क्षणभर हाताने अडवून करंटही मोजा. तो डीकोडरच्या क्षमतेच्या आत हवा.

मला सगळ्यात मजा आली ती वजनात. खरं इंजिन ११२.८ टनांचं. मापात किती हवं? लांबी, रुंदी, उंची तिन्ही ८७ ने कमी, म्हणजे वजन ८७ च्या घनाने, ६,५८,५०३ ने, भागायचं. उत्तर फक्त १७१ ग्रॅम. आता मॉडेलचा २१.३ मीटरचा आयसीएफ डबा बघा. तो मापात २४५ मि.मी. होतो, आणि अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या नियमाने (१ औंस, अधिक दर इंचाला अर्धा औंस) त्याचं वजन सुमारे १६५ ग्रॅम येतं. म्हणजे इंजिन आणि डबा जवळजवळ सारखेच जड! असं इंजिन सहा डबे ओढेल का?

प्रयोग केला. फळीवर डबा ठेवून एक टोक हळूहळू उचललं. साधारण ४० ला १ चढ झाला की डबा आपोआप घरंगळला. म्हणजे घर्षण वजनाच्या २.५ टक्के. सहा डब्यांचं वजन ९९० ग्रॅम, त्याचं घर्षण २५ ग्रॅम. आता त्यात कर्जत किंवा कसाऱ्याचा घाट घाला, ३७ ला १. आठ फुटी फळीचं टोक ६६ मि.मी. उचललं की हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये घाट तयार. १७१ ग्रॅमच्या इंजिनासकट चढाचा भार येतो ३१ ग्रॅम. एकूण ५६. चाक आणि रूळ यांची पकड वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढी धरली तर इंजिनाची ओढ ३४ ग्रॅम. चाकं जागेवर फिरणार. इंजिन ४०० ग्रॅमचं केलं तर ओढ ८०, एकूण भार ६३. चढतं.

म्हणजे मापात अचूक इंजिन घाट चढत नाही, आणि घाट चढणारं इंजिन मापात दुपटीहून जड असतं. मी जड केलं. चेंदणी कोळीवाड्यातल्या मित्राने जाळ्याला लावायची शिशाची वजनं आणून दिली, ती ठोकून चपटी करून बॉडीच्या आत, दोन्ही बोग्यांवर सारखी वाटून बसवली. (शिशाला हात लावल्यावर साबणाने धुवा, मेसमध्ये तसेच जाऊ नका.) वळणाचंही असंच. रेल्वेत ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचं. मापात ते २ मीटर होतं, माझं आहे ४६ सेंटिमीटरचं. रूमच तेवढी आहे, काय करणार.

बॉडीबद्दल थोडक्यात. लांबी १७,१२० मि.मी. म्हणजे मॉडेलवर १९७, चाक १०९२ चं १२.५. बॉडी पांढऱ्या प्लास्टिक शीटची, सोनाराच्या आरीने कापलेली. फोटो काढायला यार्डात घुसू नका, प्लॅटफॉर्मवरून आणि पुलावरून जे दिसतं तेवढं पुरतं. आणि रंग शेवटी. रंगवलेलं पण न चालणारं इंजिन परत उघडायला हात धजावत नाही, हा माझा अनुभव.

चालतं इंजिन घेऊन मी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. आमच्या शेजारी कोळसेवाडीत एक काका राहतात, डिझेल शेडमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. आता मोतीबिंदूमुळे त्यांना नीट दिसत नाही. मी इंजिन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी लांब हूडवरून अंगठा फिरवला, रेडिएटरपर्यंत गेले, परत मागे आले.

"एक्सप्रेसर रूमचा दरवाजा अरुंद केलायस रे."

मी मोबाइलवर फोटो मोठा करून बघितला. खरंच अरुंद होता. एक्सप्रेसर म्हणजे ब्रेकसाठी हवा दाबणारं आणि व्हॅक्यूम ओढणारं एकत्र यंत्र, त्याच्या खोलीत काकांची किती वर्षं गेली असतील कोण जाणे. गेजबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. मीही सांगितलं नाही.

मग त्यांना कंट्रोलर दिला. त्यांनी बटण एकदम पुढे फिरवलं, गाडी सुसाट निघाली. "हे चूक आहे," म्हणाले. "नॉच म्हणजे वेग नव्हे, जोर. आठवा नॉच दिला तरी भरलेली गाडी लगेच पळत नाही. आधी टर्बो दम घेतो, धूर येतो, मग हलते." हे मला कुठल्याही मॅन्युअलमध्ये मिळालं नव्हतं. डीकोडरमध्ये सीव्ही-३ आणि सीव्ही-४ म्हणून दोन आकडे असतात, वेग किती सावकाश वाढावा आणि उतरावा याचे. ते वाढवत गेलो. काका आवाज ऐकत "अजून, अजून" म्हणत राहिले. सर्वोच्च वेगही बांधला. ताशी १२० कि.मी. म्हणजे मापात सेकंदाला ३८ सेंटिमीटर, एक मीटर जायला अडीच सेकंदांहून थोडं जास्त.

शेवटी काकांच्या ओसरीवर फळी टेकवून घाट केला आणि सहा डबे लावले. इंजिन निम्म्यावर गेलं आणि चाकं सटकायला लागली. माझा हिशेब ८० विरुद्ध ६३ चा होता, पण रुळांवर सकाळी कुणीतरी खोबरेल तेलाचा हात लावला होता. सटकण्याचा आवाज काकांनी लगेच ओळखला.

"वाळू सोड," ते म्हणाले.

खऱ्या इंजिनात चाकासमोर वाळू सोडायची नळी असते. मॉडेलमध्ये वाळू घातली तर गिअर पुन्हा जातील. मी रूळ स्पिरिटने पुसले आणि गाडी वर गेली. एक्सप्रेसर रूमचा दरवाजा मात्र अजून बदलायचा आहे. सबमिशन संपलं की बघतो.