एकाच संगणकात फायरवॉल आणि सर्व्हर : नेटवर्क बंद पडल्यास दोष कसा शोधावा?

खाली दुकान आणि वर राहते घर ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पूर्वी दिवसाचा हिशेब झाला की चोपडी बगलेत धरून मालक वर जात असे. आता चोपडीचे काम संगणक करतो. काउंटरवरचे बिल, टॅलीतील खाती, बिलाचा प्रिंटर, कॅमेरे, वरच्या मजल्यावर मुलांचा अभ्यास, हे सारे एकाच नेटवर्कवर चालते. म्हणून ते बंद पडले की दुकान आणि घर दोन्ही एकदमच अडतात.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून हा प्रश्न केवळ सोयीचा राहिलेला नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला ३-बी साठी पुढील महिन्याची २० तारीख गाठावी लागते. उशीर झाला तर रोजचे ५० रुपये आणि निरंक विवरणपत्र असेल तर रोजचे २० रुपये विलंब शुल्क लागते. कर भरायचा असेल तर व्याज वेगळे. दिग्रससारख्या गावात यवतमाळहून किंवा पुसदहून जाणकार माणूस येईपर्यंत एक-दोन दिवस सहज जातात. तेव्हा दोष नेमका कुठे आहे हे आपल्याला स्वतः ओळखता आले पाहिजे. दुरुस्ती दुसऱ्याने केली तरी चालेल.

रचना समजून घ्या

अलीकडे काही व्यापारी एकाच लहान संगणकावर दोन कामे चालवतात. पहिले काम फायरवॉलचे. फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. इंटरनेटवरून येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीवर तो लक्ष ठेवतो आणि घरातील प्रत्येक संगणकाला त्याचा आय.पी. पत्ताही वाटून देतो. दुसरे काम सर्व्हरचे. सर्व्हर म्हणजे तिजोरी. टॅलीचा डेटा, ग्राहकांची उधारी, मापांच्या नोंदी, डिझाइनच्या फायली तेथे असतात.

ही दोन्ही कामे दोन वेगळ्या यंत्रांऐवजी एकाच संगणकाच्या पोटात दोन 'आभासी संगणक' तयार करून केली जातात. मूळ संगणकावर प्रॉक्समॉक्ससारखी प्रणाली असते. तिच्या आत ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स ही फायरवॉल आणि शेजारी सर्व्हर. या तिन्ही प्रणाली विनामूल्य मिळतात. खर्च वाचतो, वीज कमी लागते आणि एकाच इन्व्हर्टरवर भागते.

मूळ संगणकाला वायरीची दोन तोंडे असतात. एका तोंडात फायबरच्या मोडेमची वायर येते, त्याला बाहेरचे तोंड म्हणू. दुसऱ्या तोंडातून वायर स्विचकडे जाते आणि तेथून काउंटर, प्रिंटर व घरातील वायफायकडे फाटे फुटतात. हे आतले तोंड.

या रचनेत एक अडचण दडलेली आहे. येथे पहारेकरी दारात उभा नसून त्याच घरात झोपतो, ज्याची त्याला राखण करायची आहे. मूळ संगणक सुरू झाल्याशिवाय फायरवॉल सुरू होत नाही, आणि फायरवॉलने पत्ता दिल्याशिवाय काउंटरचा संगणक मूळ संगणकापर्यंत पोहोचत नाही. किल्ली तिजोरीत आणि तिजोरीला कुलूप, असा हा प्रकार होतो. तो टाळण्यासाठी मूळ संगणक, सर्व्हर, काउंटरचा संगणक आणि प्रिंटर या चौघांना कायमचे पत्ते द्यावेत. उदाहरणार्थ, फायरवॉल १९२.१६८.५०.१, मूळ संगणक १९२.१६८.५०.५, सर्व्हर १९२.१६८.५०.१०, काउंटर १९२.१६८.५०.२०. (संगणकात हे आकडे इंग्रजी अंकांत टाकावेत.) एकाच स्विचवरील, एकाच मालिकेतील संगणक परस्परांशी थेट बोलतात. त्यासाठी फायरवॉल लागत नाही. म्हणजेच पत्ते कायमचे असतील तर इंटरनेट बंद असतानाही बिल निघेल आणि उधारी लिहिता येईल.

तपासाचा क्रम

नेटवर्क बंद पडले की बहुतेक लोक सगळीच बटणे बंद-चालू करतात, कुणी रीसेटची टाचणी खुपसतो. त्यामुळे मूळ दोष तसाच राहतो आणि दोन नवे दोष भर पडतात. खालील पायऱ्या क्रमाने चढाव्यात आणि एका वेळी एकच बदल करावा.

पहिली पायरी : तक्रार नीट ठरवा. बंद काय आहे? फक्त इंटरनेट, की टॅलीही? एकाच संगणकावर, की सर्वांवर? एकाच संगणकावर असेल तर दोष त्याच्या वायरीत किंवा त्याच संगणकात आहे. मूळ संगणकाला हात लावू नये. कालपासून काय बदलले, हेही विचारावे.

दुसरी पायरी : वीज, वायर आणि दिवे. मोडेमवर 'एलओएस' नावाचा दिवा लाल असेल तर प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. फायबर तुटली आहे किंवा वाकली आहे. कंपनीला कळवावे आणि घरातील काहीही बदलू नये. नंतर वायरींची टोके पाहावीत. उंदीर कुरतडतात, क्लिप तुटते, झाडताना वायर ओढली जाते. तोंडाजवळचा दिवा लागत नसेल तर दुसरी वायर लावून पाहावी. जूनमधील विजांच्या गडगडाटानंतर स्विचचे एखादे तोंड जळालेले असू शकते. तेव्हा तोंड बदलूनही पाहावे.

तिसरी पायरी : घरातल्या घरात बोलणे होते का? काउंटरच्या संगणकावरून 'पिंग' या आज्ञेने मूळ संगणकाचा पत्ता तपासावा. उत्तर आले तर आतील वायर ठीक आहे. घरातील एखाद्या लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला पत्ता देणारा कुणी भेटलेला नाही. दोष बहुधा वायरीत किंवा फायरवॉलमध्ये आहे. अशा वेळी काउंटरवरून मूळ संगणकाचे व्यवस्थापनाचे पान उघडावे. प्रॉक्समॉक्समध्ये ते ८००६ या पोर्टवर असते. फायरवॉल आणि सर्व्हर दोन्ही 'चालू' आहेत का, ते तेथे दिसते.

येथे विंडोजची एक खोड लक्षात ठेवावी. फायरवॉल सापडली नाही किंवा तिच्या जागी दुसरा राउटर आला, तर विंडोज त्या नेटवर्कला 'सार्वजनिक' समजते आणि फायलींची देवाणघेवाण रोखते. वायर ठीक, सर्व्हर चालू, तरी टॅलीचा डेटा दिसत नाही. सर्व्हरवर नेटवर्कचा प्रकार पुन्हा 'खाजगी' केला की काम होते.

चौथी पायरी : पहारेकरी बाहेर पाहू शकतो का? फायरवॉलच्या पानावर बाहेरच्या तोंडाला मिळालेला पत्ता पाहावा. येथे पाच गोष्टी संभवतात.

(१) पत्ताच नाही. काही मोडेम आधी जोडलेल्या यंत्राची ओळख लक्षात ठेवतात आणि नव्याला पत्ता देत नाहीत. मोडेम काही मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू करावा.

(२) कंपनीची जोडणी युजरनेम-पासवर्डची असेल तर ते फायरवॉलमध्ये बरोबर भरले आहेत का, ते पाहावे.

(३) मूळ प्रणाली अद्ययावत केल्यावर किंवा नवे कार्ड बसवल्यावर वायरीच्या तोंडांची नावे बदलू शकतात. मग फायरवॉल ज्या तोंडाकडे पाहते तेथे वायरच नसते. नावे पुन्हा जुळवावी लागतात.

(४) आत आणि बाहेर दोन्हीकडे १९२.१६८.१ ची मालिका आहे. एकाच नावाच्या दोन गल्ल्या असल्या तर टपालवाला गोंधळतो, तसे होते. म्हणूनच वर आतील मालिका ५० ची सुचवली आहे.

(५) पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान आहे. कंपनीने तो अनेक ग्राहकांत मिळून दिलेला आहे. इंटरनेट चालेल, पण बाहेरगावाहून दुकानातील कॅमेरा थेट उघडणार नाही. हा फायरवॉलचा दोष नाही. कंपनीकडे स्वतंत्र कायमचा पत्ता मागावा.

पाचवी पायरी : आकडा चालतो, नाव चालत नाही. ८.८.८.८ या पत्त्याला पिंग केल्यावर उत्तर येते, पण जीएसटीचे संकेतस्थळ नावाने उघडत नाही. याचा अर्थ रस्ता खुला आहे, नावावरून पत्ता सांगणारी सेवा अडली आहे. याचे एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे घड्याळ. मूळ संगणकातील नाण्याएवढा सेल संपला असेल तर वीज गेल्यावर तारीख अनेक वर्षे मागे जाते. नावे तपासणारी सुरक्षित सेवा चुकीच्या तारखेला उत्तरे नाकारते, आणि तारीख सुधारणारी सेवाही नावानेच शोधावी लागते, म्हणून तीही अडते. तारीख हाताने दुरुस्त करावी आणि सेल बदलावा. बहुतेक संगणकांत तो सीआर २०३२ जातीचा असतो.

सहावी पायरी : चालते, पण अर्धवट. काही संकेतस्थळे उघडतात, काही लटकतात. युजरनेम-पासवर्डच्या जोडणीत माहितीच्या पुडीचा आकार १५०० ऐवजी १४९२ ठेवावा लागतो, तो तपासावा. दुसरे कारण केवळ आभासी फायरवॉलचे आहे. पिंग व्यवस्थित, पण पाने उघडत नाहीत किंवा अत्यंत मंद. पीएफसेन्समध्ये 'हार्डवेअर चेकसम ऑफलोडिंग' बंद करून फायरवॉल पुन्हा सुरू करावी. आभासी कार्डाबरोबर ही सोय नीट चालत नाही.

तपास करताना 'सगळ्यांना येऊ द्या' असा नियम फायरवॉलमध्ये घातला असेल तर काम झाल्यावर तो त्याच दिवशी काढावा. व्यवस्थापनाचे पान किंवा फायलींचा पोर्ट ४४५ इंटरनेटकडे कधीही उघडू नये. मे २०१७ मधील वॉनाक्राय हा व्हायरस याच ४४५ मधून जगभर पसरला होता.

वीज गेल्यानंतरची व्यवस्था

भारनियमनानंतर वीज आली की सर्व यंत्रे एकदम उठतात. मूळ संगणकाच्या बायोसमध्ये वीज येताच आपोआप सुरू होण्याची सोय चालू करावी. प्रॉक्समॉक्समध्ये सुरू होण्याचा क्रम ठरवता येतो. फायरवॉल पहिली, थोड्या अंतराने सर्व्हर दुसरा. मोडेम, मूळ संगणक आणि स्विच हे तिन्ही एकाच इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर घ्यावेत. दोन चालू आणि एक बंद असेल तर उपयोग नाही.

जुना राउटर विकू नये. त्यात फायरवॉलचाच आतला पत्ता, म्हणजे १९२.१६८.५०.१, आणि कंपनीची माहिती भरून तो कपाटात ठेवावा. फायरवॉल बिघडली तर आधी ती बंद करावी, मगच हा राउटर मोडेम व स्विचमध्ये लावावा. एकाच पत्त्याची दोन यंत्रे एकदम चालू राहिली तर दोन्ही निकामी ठरतात.

हिशेबाची प्रत

कुरआनमध्ये सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे, रक्कम लहान असो वा मोठी. ग्राहकाचे आपल्याकडे जमा असलेले पैसे, कारागिराची राहिलेली मजुरी या अमानती आहेत. त्यांची नोंद नष्ट झाली तर नुकसान केवळ आपले होत नाही. कायद्यानेही जीएसटीची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात.

आभासी संगणकाचा 'स्नॅपशॉट' म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की दोन्ही जातात. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे काम ठप्प केले. आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिचे टर्मिनलही अडकले. हा व्हायरस युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला होता, म्हणजे पहारेकऱ्याने ओळखीचा म्हणून आत सोडलेल्या मार्गाने. मर्स्कचे वापरकर्त्यांची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत होते. ते सर्व एकदम पुसले गेले. वाचला तो घाना देशातील एकच, कारण वीज गेल्यामुळे तो त्या वेळी बंद होता. त्याच्यावरून कंपनीने पुन्हा उभारणी केली.

यातून आपण घ्यायचा धडा असा की एक प्रत नेहमी वायरीपासून तुटलेली असावी. रोज दुकान बंद करताना टॅलीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा आणि डिस्क काढून वर घरी न्यावी, जशी पूर्वी चोपडी जात असे. फायरवॉलच्या सर्व नियमांची फाइल लहान असते. प्रत्येक बदलानंतर ती पेनड्राइव्हवर उतरवावी.

कागदावरची नोंद

एक साधी वही करावी. पहिल्या पानावर नेटवर्कचे चित्र, कोणती वायर कोठून कोठे, कोणाचा पत्ता काय, आणि कंपनीचा तक्रार क्रमांक. पुढील पानांवर तारीखवार, काय बिघडले आणि काय केले. पासवर्ड बंद पाकिटात, घरातील विश्वासू माणसाकडे. मालक जुम्याच्या नमाजला गेला असेल, उमऱ्यासाठी बाहेर असेल किंवा दवाखान्यात असेल, तरी पत्नी, मुलगा किंवा मुनीम यांना वही पाहून पहिल्या तीन पायऱ्या करता आल्या पाहिजेत.

व्यापारी व कारागीर बांधवांनी येत्या सुट्टीच्या दिवशी एवढी एक चाचणी जरूर करून पाहावी. मोडेमची वायर काढावी आणि फायरवॉल बंद करावी. नंतर काउंटरवरून एक बिल छापावे आणि एक उधारी लिहावी. दोन्ही झाले तर आपली मांडणी पक्की आहे. झाले नाही तर काय राहिले ते वहीत लिहावे आणि २० तारखेच्या आत पुरे करावे.