वेळापत्रकाने वाहणारी नदी : कुंडलिकेवरील राफ्टिंग आणि सहलींसाठी त्याचा बोध

पाठीवर सामान बांधून मित्रमंडळींसह डोंगरदऱ्यांतून हिंडण्याची आवड अलीकडच्या काळात आपल्या तरुणांमध्ये वाढीस लागली आहे. बुलढाणा जिल्ह्यातील तरुणही त्यास अपवाद नाहीत. मलकापूर किंवा शेगाव येथे रात्रीची गाडी धरावी, मुंबईमार्गे रायगड जिल्ह्यातील कोलाड गाठावे आणि कुंडलिका नदीच्या खळाळत्या पाण्यात रबरी तराफ्यातून एक दिवस घालवावा, असा बेत आता सहज आखता येतो. या खेळास सर्वत्र 'राफ्टिंग' या नावानेच ओळखले जाते.

अशा सहलीस अनुमती देणारे मुख्याध्यापक, मुलांबरोबर जाणारे शिक्षक आणि गावच्या नदीकाठाची जबाबदारी वाहणारे पंचायत सदस्य यांना या खेळामागील पाण्याचे शास्त्र माहीत असणे अगत्याचे आहे. कारण कुंडलिकेच्या पाण्याला जे नियम लागू पडतात, तेच आपल्या गावच्या नाल्याला आणि बंधाऱ्यालाही लागू पडतात.

उन्हाळ्यातही वाहणारे पाणी

कोकणातील नद्या आखूड लांबीच्या व तीव्र उताराच्या आहेत. पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहतात आणि पावसाळा सरताच रोडावतात. कुंडलिका मात्र ऐन उन्हाळ्यातही राफ्टिंगपुरती वाहते, याचे कारण सह्याद्रीच्या पलीकडे आहे. पुणे जिल्ह्यात मुळशी येथे मुळा नदीवर टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधले. तेथील पाणी बोगद्यातून व नळांतून सुमारे ५०० मीटर खाली उतरवून कोकणातील भिरा येथे वीजनिर्मिती केली जाते. हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. पुढे भिऱ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर राज्याच्या वतीने ८० मेगावॅट क्षमतेचे आणखी एक वीजगृह उभे राहिले. वीज निर्माण करून सुटलेले हे पाणी कुंडलिकेत येते आणि त्यावरच तराफे चालतात.

जे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागरास मिळावयाचे, ते अशा रीतीने अरबी समुद्राकडे वळविले गेले आहे. या धरणासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापट यांचे नाव या लढ्याशी कायमचे जोडले गेले आहे. सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांना भूगोलाबरोबर हा इतिहासही सांगितला पाहिजे.

पाणी सोडण्याची वेळ विजेच्या गरजेनुसार ठरते. साधारणतः ते सकाळी सोडले जाते आणि म्हणून येथील राफ्टिंग मुख्यतः सकाळीच होते. पाणी सुटण्यापूर्वी जे पात्र उथळ व खडकाळ दिसते, तेच थोड्या वेळात भरून वाहू लागते. थोडक्यात, ही नदी वेळापत्रकाने वाहते. ते वेळापत्रक माहीत असलेल्यास ती आनंद देते आणि माहीत नसलेल्यास तीच घातक ठरू शकते.

खेळाचे स्वरूप

नदीच्या पात्राचा उतार जेथे एकाएकी वाढतो, पात्र अरुंद होते किंवा तळाशी मोठे खडक असतात, तेथे पाणी वेगाने उसळते. भूगोलात अशा जागेस 'द्रुतवाह' म्हणतात. अडचणीच्या मानाने द्रुतवाहांच्या १ ते ६ अशा श्रेणी जगभर मानल्या जातात. पहिल्या श्रेणीत किरकोळ लाटा असतात, तर सहाव्या श्रेणीचे पाणी निष्णातांनाही जवळजवळ अशक्य समजले जाते. कुंडलिकेवरील सुमारे १२ किलोमीटरचा टप्पा प्रामुख्याने दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीत मोडतो. म्हणजेच तो नवशिक्यास झेपणारा आहे, परंतु निष्काळजीपणास वाव देणारा नाही.

तराफा हवेने फुगविलेला असून त्यात हवेचे वेगवेगळे कप्पे असतात. त्यामुळे एक कप्पा फाटला तरी तराफा बुडत नाही. दोन्ही बाजूंस वल्हेकरी बसतात आणि मागील टोकास वाटाड्या असतो. 'पुढे', 'मागे', 'थांबा' या त्याच्या आज्ञा सर्वांनी एकाच वेळी पाळावयाच्या असतात. अंगात तरंगजाकीट आणि डोक्यावर शिरस्त्राण असल्याखेरीज कोणासही तराफ्यात बसू देऊ नये, हा या खेळाचा पहिला नियम होय. पोहता येणे हे जाकिटाला पर्याय ठरत नाही.

प्रवाहाची ताकद

एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन भरते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा माणसाच्या शरीरावरील जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणूनच गुडघाभर वाटणारे वेगवान पाणीही धडधाकट माणसाचे पाय उखडते. तराफ्यातून पाण्यात पडलेल्याने वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाय खडकांच्या फटीत अडकला, तर पाणी शरीरास पुढे लोटून पाण्याखाली दाबते. उताणे होऊन, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे धरून तरंगत राहावे आणि फेकलेली दोरी धरावी, असे शिकविले जाते.

दुसरा धोका अधिक फसवा आहे. बंधाऱ्यावरून एकसारखे पडणारे पाणी पायथ्याशी खोल जाऊन वर उसळते आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडेच वळते. या फिरत्या पाण्यात सापडलेला मनुष्य पुनःपुन्हा आत ओढला जातो. तेथील फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते शरीरास नीट तोलूनही धरीत नाही. जाणकार वाटाडे अशा जागा कटाक्षाने टाळतात. आपल्याकडे मात्र पावसाळ्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांखाली मुले निर्धास्तपणे डुंबताना दिसतात. धबधब्यासारखे दिसणारे ते पाणी खेळण्याची जागा नव्हे, हे शाळेत स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

लारजीचा धडा

पाणी सोडण्याची खबर काठावरील लोकांना न मिळाल्यास काय घडते, हे ८ जून २०१४ रोजी देशाने पाहिले. हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रातील खडकांवर हैदराबादहून सहलीस आलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी उतरले होते. वरच्या बाजूस असलेल्या लारजी जलविद्युत प्रकल्पातून पाणी सोडले गेले आणि पाहता पाहता पात्र भरले. २४ विद्यार्थी व त्यांच्यासमवेतचा एक सहल-संयोजक वाहून गेले. हे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि मृतांच्या कुटुंबियांना नुकसानभरपाई देण्याचा आदेश झाला.

हे विद्यार्थी कोणताही साहसी खेळ खेळत नव्हते. कोरड्या दिसणाऱ्या खडकांवर ते केवळ उभे होते. कुंडलिकेवर पाणी केव्हा येणार हे ठाऊक असते, म्हणून तेथे खेळ होऊ शकतो. बियासच्या काठी ते त्यांना ठाऊक नव्हते. दोहोंतील अंतर माहितीचे आहे.

आपल्या जिल्ह्यातील पाणी

बुलढाणा जिल्हा हा पाणलोटाच्या अभ्यासास उत्तम जागा आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेकडील पाणी नळगंगा, ज्ञानगंगा यांसारख्या नद्यांवाटे पूर्णेस व पुढे तापीस मिळून अरबी समुद्राकडे जाते. दक्षिणेकडील पैनगंगा आणि खडकपूर्णा यांचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागराकडे वाहते. बुलढाणा तालुक्यात उगम पावणारी पैनगंगा नांदेड-यवतमाळच्या सीमेवर सहस्रकुंडाच्या कड्यावरून कोसळते. घराजवळचा क्षीण ओहोळ पुढे काय रूप धारण करतो, हे यावरून मुलांस समजावून देता येईल.

नळगंगा, पेनटाकळी आणि खडकपूर्णा हे जिल्ह्यातील मोठे प्रकल्प. ते भरत आले म्हणजे दरवाजांतून वा सांडव्यावरून पाणी खाली येते. आकाश निरभ्र असतानाही खालच्या गावांत पात्र अकस्मात भरू शकते. उत्तरेकडील तालुक्यांत सातपुड्यावर पडलेला पाऊस खालच्या सपाटीवर पूर आणतो. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांनी हे अनुभवले आहे. आपल्या डोक्यावर पाऊस नाही, यावरून नदी सुरक्षित आहे असे अनुमान काढणे धोक्याचे आहे.

सहलीपूर्वी करावयाची चौकशी

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटन धोरण जाहीर केले असून त्यात जमीन, पाणी व हवा या तिन्ही क्षेत्रांतील उपक्रमांचा आणि आयोजकांच्या नोंदणीचा विचार केलेला आहे. सहलीस अनुमती देण्यापूर्वी पुढील प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत :

१. आयोजकाची नोंदणी व विमा आहे काय? वाटाड्यांनी प्रशिक्षण घेतले आहे काय?

२. त्या दिवशी पाणी कोण, केव्हा व किती सोडणार आहे? ही माहिती आयोजकास कोणाकडून मिळते?

३. प्रत्येकाच्या मापाचे जाकीट व शिरस्त्राण आहे काय? फेकदोरी आणि बचावासाठी स्वतंत्र नाव सोबत असते काय?

४. मुलांचे वय योग्य आहे काय? राफ्टिंगसाठी साधारणतः १४ वर्षे ही किमान मर्यादा पाळली जाते. दमा, अपस्मार किंवा हृदयविकार असल्यास वैद्यकीय सल्ला घेतला आहे काय?

५. पावसाचा इशारा असल्यास कार्यक्रम रद्द करण्याचा अधिकार कोणास आहे?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. दूरचा प्रवास करून व पैसे भरून आलेल्या गटास माघारी फिरणे जड जाते. म्हणून हा अधिकार निघण्यापूर्वीच एका शिक्षकाकडे सोपवावा आणि त्याचा निर्णय सर्वांनी मान्य करावा.

ग्रामपंचायतींनीही आपल्या हद्दीतील बंधारे, डोह व सांडव्याखालील जागा निश्चित करून तेथे ठळक फलक लावावेत. पाटबंधारे विभागाची सूचना गावात कोणाकडे येते व ती दवंडीने, ध्वनिक्षेपकाने किंवा भ्रमणध्वनीने घरोघर कशी पोहोचते, हे पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत ठरवावे. शाळांनी वर्षातून एकदा विद्यार्थ्यांकडून गावच्या नदीचा नकाशा काढून घ्यावा आणि त्यात पाणी कोठून येते, कोठे अडते व कोण सोडते, हे नोंदवून घ्यावे.

तरुणांनी नदीवर जावे, वल्हे हाती घ्यावे, एकमेकांच्या साथीने द्रुतवाह पार करावा, यात गैर काहीच नाही. शिस्त, सहकार्य आणि निसर्गाविषयी आदर हे गुण अशा एका दिवसात जेवढे अंगी बाणतात, तेवढे अनेक व्याख्यानांनीही बाणत नाहीत. मात्र पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी वरच्या अंगास काय आहे, ही चौकशी करण्याची सवय त्यांना आपणच लावली पाहिजे. ती सवय कोलाडला उपयोगी पडेल आणि गावच्या बंधाऱ्यावरही एखाद्या मुलाचा जीव वाचवील.