उतरायची वाट वेगळी हवी

प्रश्न : १ मेला जोडून तीन दिवस सुट्टी आहे. पाठीवर सामान घेऊन, आलेल्या वाटेने परत न येता करता येईल असा ट्रेक सुचवाल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : रतनगड करा. पहिल्या संध्याकाळी भंडारदऱ्याजवळच्या रतनवाडीत मुक्काम, अमृतेश्वराचे मंदिर निवांत पाहा. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताच निघून शिड्यांच्या वाटेने गडावर जा. नेढ्यात वारा खात बसावे, पण ऊन चढायच्या आत त्र्यंबक दरवाजाकडे वळावे. तिथल्या कातळातल्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत. पाठीवरचे ओझे पुढे ढकलते, म्हणून तोंड कातळाकडे करून, एकेक जणच उतरा. पुढे साम्रद गाव. तिथे दुसरा मुक्काम, तिसऱ्या सकाळी सांदण दरीचा वरचा भाग पाहून गाडीरस्त्याने रतनवाडीत परत.

खरी काळजी पाण्याची. उन्हाळ्यात गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका. माणशी चार लिटर खालूनच न्या, जलसंजीवनीची पाकिटेही ठेवा. तंबू आणि स्वयंपाकाचे सामान मात्र घरीच ठेवा, दोन्ही गावांत घरगुती जेवण आणि राहायची सोय होते. हा अभयारण्याचा भाग आहे, त्यामुळे वनखात्याचे नियम आधी विचारून घ्या. जाळ, धूर, अत्तर पूर्ण टाळा : कड्यांवर आग्या मोहोळे असतात. त्र्यंबक दरवाजाच्या वाटेला गावातला वाटाड्या घ्याच.