धुक्यात अप्पर मारू नकोस

अगो, तू पाठवलेले फोटो पाहिले. रात्री पुन्हा एकदा पाहिले, मग झोप येईना, म्हणून उठून लिहायलाच बसले. रागावू नकोस. छतात ओळीनं छत्तीस गोल दिवे, एका भिंतीवर प्लास्टिकचं हिरवं गवत आणि त्यावर गुलाबी निऑनची इंग्रजी अक्षरं! त्या इंटीरियरवाल्याचं हे चित्र हिंजवडीत खपेल. तुझं हॉटेल आंबोलीत आहे, बाय.

तुझ्याकडे माणूस कशाला येतो ते आधी बघ. घाट चढून सातशे मीटरवर येतो तो धुक्यासाठी आणि पावसासाठी. धबधब्याखाली उभा राहतो, दात वाजायला लागले की चहा-भजी शोधत तुझ्या दारात येतो. तोवर त्याच्या डोळ्यांना त्या करड्या, मऊ उजेडाची सवय झालेली असते. अशा माणसावर तू एकदम ऑपरेशन थिएटरचा उजेड सोडणार?

मी हेच केलं होतं म्हणून सांगते. माझ्या पहिल्या खानावळीत दुकानदाराच्या सांगण्यावरून साडेसहा हजार केल्विनच्या पांढऱ्याफेक ट्यूब लावल्या. उजेड जास्त, बिल कमी, एवढंच डोक्यात. आठवड्याभरात एका बाईंनी सोलकढीची वाटी परत पाठवली, शिळी दिसते म्हणून. सकाळी काढलेली होती गं! पण त्या उजेडात तिचा गुलाबी रंगच मेला होता, कोंबडीचा रस्साही मातकट दिसत होता. तेव्हापासून बल्ब घेताना खोक्यावर दोन आकडे वाचते. केल्विन 2700, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बचा रंग. आणि सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, 90 किंवा वर. स्वस्त बल्ब 80 वर थांबतात, आणि त्यांच्याखाली पहिला मार खातो तो तांबडा रंग. आपल्या ताटात तांबड्याशिवाय आहे काय?

छतातल्या दिव्यांचं दुसरं दुखणं म्हणजे ते डोक्यावरून पडतात. डोळ्यांखाली सावल्या येतात, सगळी गिऱ्हाइकं जागरण करून आल्यासारखी दिसतात. त्यापेक्षा प्रत्येक टेबलावर एक दिवा सोड, टेबलापासून सत्तर-पंच्याहत्तर सेंटिमीटर वर. ताट उजळतं, ताटावरून परतलेला उजेड चेहऱ्यावर येतो, आणि बल्ब मात्र कुणाच्या डोळ्यात घुसत नाही. दिव्याच्या टोप्या मुंबईहून मागवू नकोस. खाली सावंतवाडीत चितारआळी आहे, तिथल्या कारागिरांकडून लाकडी, लाखेच्या रंगाच्या करून घे. एलईडी फार तापत नाही, लाकडाला चालतं. बाकी खोली अंधारी राहिली तर राहू दे. रांधपात मात्र काटकसर नको. तिथे लख्ख उजेड हवा, सुरी चालते तिथे.

आता खिडक्या. दरीकडची अख्खी भिंत काचेची करणार आहेस, छान. पण रात्री आत भगभगीत दिवे असले की काचेचा आरसा होतो. गिऱ्हाईक दरी बघायला बसतं आणि त्याला दिसतं स्वतःचंच तोंड, मागे पंखा. काचेसमोरच्या भिंतीवर एकही उघडा बल्ब नको. सगळे दिवे डिमरवर घे. डिमरला चालणारे एलईडी वेगळे मिळतात, तेवढं विचारून घे, नाहीतर लुकलुकत बसतील.

बाहेर फ्लडलाइट लावायचं तर मनातूनच काढून टाक. घाटात तू गाडी चालवतेस ना? धुक्यात अप्पर मारला की काय होतं? समोर पांढरी भिंत उभी राहते, रस्ता गायब. म्हणून आपण डिप्परवर येतो. तुझ्या अंगणातही तेच होणार. गुडघ्याएवढ्या उंचीचे, खाली तोंड केलेले, पिवळे दिवे पायवाटेला पुरेत. आणि आंबोलीत हे नुसत्या शोभेचं काम नाही. पांढऱ्या-निळसर उजेडावर पतंगांचे थवे येतात, त्यांच्यामागे बेडूक येतात, आणि बेडूक पार्किंगमध्ये चाकाखाली जातात. आंबोलीचं नाव लागलेला तो छोटा टोड जगात दुसरीकडे सापडल्याचं ऐकिवात नाही. लोक त्याचे फोटो काढायला कॅमेरे घेऊन येतात आणि जेवतात तुझ्याकडे! मेअखेरीस काजवे चमकायला लागले की बाहेरचे दिवे सरळ बंद कर आणि चहा बाहेर दे. त्याला इंटीरियरवाला लागत नाही.

आता खरी गोष्ट, ओल. तिकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस, चार महिने कपडे वाळत नाहीत, आणि तो तुला जिप्समचं फॉल्स सिलिंग सुचवतोय! दुसऱ्या श्रावणात ते पोटासारखं खाली येईल. कौलं आहेत ती ठेव, फुटकी बदल. मधूनमधून काचेची कौलं बसव, दिवसा दिवा लावावा लागणार नाही. पत्रा घालू नकोस. पावसात पत्र्याखाली ऑर्डरसुद्धा ऐकू येत नाही. जांभ्याच्या भिंतींना आतून सिमेंट आणि वर प्लास्टिक पेंट फासलास तर ओल आत कोंडेल आणि फुगे धरतील. चुन्याचा गिलावा दे, भिंतीला श्वास घेता येतो. पण तो वाळायला वेळ मागतो, म्हणून दिवाळीनंतर लगेच काम धर, शिमग्याच्या आत संपव. प्लायवूड घ्यायचंच झालं तर आयएस 710 चा शिक्का बघ. साधं कमर्शियल प्लाय 303 च्या शिक्क्याचं असतं, ते फुगतं. रेक्झिनचे सोफे, जाड पडदे नकोत, बुरशीचा वास बिलाआधी पोचतो. जमिनीला चकचकीत ग्रॅनाइट तर मुळीच नको. ओल्या चपलांचा एक माणूस घसरला की झालं. खडबडीत शहाबादी घाल, आणि दारातच छत्र्या-रेनकोटांसाठी खुंट्या आणि खाली पन्हळ. ही पन्हळ कुठल्याच नकाशात नसते, बघ तुझ्या नकाशात आहे का.

विजेचं थोडक्यात सांगते. शॉक लागायची वेळ आली की वीज तोडणारा आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा बसव. बाहेरच्या दिव्यांवर आयपी 65 लिहिलेलं बघ. अर्थिंग मे महिन्यात, जमीन कोरडी असताना मोजून घे. पावसात ते नेहमी चांगलंच निघतं, आणि जांभ्यावर माती असते वीतभर. वळवाच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर हवाच, नाहीतर एका कडकडाटात एलईडीचे सगळे ड्रायव्हर जातील. टेबलावरचे, रांधपातले आणि संडासातले दिवे इन्व्हर्टरवर वेगळे काढ. लाइट गेली तरी जेवण थांबत नाही, उलट लोकांना आवडतं.

पैसे कमी पडले तर त्या गवताच्या भिंतीवर काट मार, चुन्यावर नको. भावजींना मी समजावते, ते तुझं ऐकणार नाहीत.

आणि एक कर. अंतिम ऑर्डर देण्याआधी चार बल्ब, चार वायरी आण, धुकं दाटलेल्या संध्याकाळी दरीकडच्या टेबलावर टांग आणि कोंबडी-वडे वाढून तिथे बस. मला फोन कर. व्हिडिओ कॉल नको, त्यात रंग खोटे दिसतात. नुसतं सांग, सोलकढी कोणत्या रंगाची दिसतेय ते.